मोटारीतील गोंगाट : आधी उगम, मग आवरण

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अनेकांना एक अनुभव येतो. इंजिन सुरळीत चालते, खड्डाही लागत नाही. तरी पायाखालून एकसुरी घरघर येत राहते आणि मागच्या आसनावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागते. सिमेंट काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून बारीक खाचा पाडलेल्या असतात. त्यांवरून धावणाऱ्या टायरचा हा आवाज असतो. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे बहुतेक मोटारींत टायरचा आवाज इंजिनापेक्षा वरचढ ठरतो.

आवाजाच्या दोन वाटा

हा आवाज दोन वाटांनी आत येतो. काही भाग दारांच्या फटींतून व काचांतून, म्हणजे हवेमार्गे येतो. उरलेला चाक आणि सस्पेन्शनमधून सांगाड्यात शिरतो. मग तळाचा, दाराचा व चाकावरील कमानीचा पत्रा ढोलाच्या कातड्याप्रमाणे थरथरू लागतो.

तीन साहित्ये, तीन कामे

ब्यूटाइल रबराची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली शीट पत्र्याला चिकटवतात. ती कंपनाच्या ऊर्जेचे अल्प उष्णतेत रूपांतर करते. संपूर्ण पत्रा मढवण्याची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मध्यभागी सुमारे पाव भाग झाकला तरी बराचसा लाभ मिळतो.

फोम किंवा नमदा आतील तीव्र, उंच पट्टीचा आवाज शोषतो. खालच्या पट्टीच्या घरघरीवर त्याचा प्रभाव अल्प असतो.

व्हिनाइलचा जड पडदा गालिच्याखाली अंथरल्यास हवेतून येणारा आवाज अडतो. मात्र त्यात फट राहिली, तर खर्च बव्हंशी वाया जातो.

आधी तपासणी

शीट लावण्यापूर्वी टायरमधील हवा, टायरची झीज, चाकांचे बॅलन्सिंग आणि सस्पेन्शनचे बुश तपासावेत. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावावे; पट्टी सहज ओढून निघाली, तर तेथील रबर बदलण्याजोगे झाले आहे असे समजावे.

वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगचा बिघाड दर्शवू शकते. अशा वेळी आवरण लावणे म्हणजे धोक्याची सूचना दडपणे होय. असा आवाज आधी मेकॅनिकच्या कानावर घालावा.

हे टाळा

छताच्या गळतीसाठी वापरली जाणारी डांबरी पट्टी मोटारीत लावू नये. उन्हात ती मऊ पडते व उग्र वास येतो. दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे बुजवू नयेत. पावसाळ्यात पाणी साचून पत्रा आतून गंजतो. त्याच कारणाने दारात पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोमच वापरावा. एअरबॅग आणि तिच्या वायरिंगजवळ काही चिकटवू नये. गाडी वॉरंटीत असल्यास अटी आधी वाचाव्यात.

अपेक्षाही माफक ठेवावी. आवाज १० डेसिबलने घटला, तर तो कानाला निम्मा वाटतो. ३ डेसिबलची घट जेमतेम जाणवते. त्यामुळे सर्व मोटार एकदम मढवण्याऐवजी चाकांच्या कमानी व पुढील दारांपासून प्रारंभ करावा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने फेरी मारावी आणि फरक जाणवला तरच पुढचा खर्च करावा.