हेस्टिंग्जचा एक डाव

बलवान आणि दुर्बल यांची गाठ पडली की निकाल आधीच ठरला, असे आपण व्यवहारात धरून चालतो. बुद्धिबळात दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच. विषमता असते ती खेळणारांच्या तयारीत. १९३०-३१ च्या हिवाळ्यात इंग्लंडातील हेस्टिंग्जच्या स्पर्धेत ती किती होती पाहा.

एका बाजूस क्यूबाचा कापाब्लांका. १९२१ ते १९२७ जगज्जेता. १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे स्पर्धेत एकही डाव न हरलेला. दुसरीकडे पंजाबातील सर उमर हयात खान यांच्या पदरचा मीर सुलतान खान. बापाकडून तो देशी खेळ शिकला. त्यात प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चालते. किल्लेकोट नाही, राजाला फार तर एकदा घोड्याची उडी. पाश्चात्त्य नियम त्याने पुढे तरुणपणी उचलले. १९२९ साली विलायतेस गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, हे खरे. पण डावाच्या आरंभावरील ग्रंथांशी त्याचा परिचय बेताचाच. कापाब्लांकापुढे त्याच्यावर पैज कोण लावणार?

पांढरी मोहरी सुलतान खानाकडे होती. विसाव्या खेळीनंतर कापाब्लांकाने दोन्ही हत्ती त्याच्या गोटात घुसवले आणि ते देऊन वजीर घेतला. पाहणारास वाटावे, आटोपले! परंतु वजिराला मारायला काही सापडेना. किल्लेकोट न केलेला पांढरा राजा पटाच्या मध्यावर उभा, आणि भोवती सारे एकमेकांच्या जोरावर. (हा निर्धास्तपणा देशी खेळातला, असे आम्हांस वाटते, पुरावा मात्र देता येणार नाही.) मग सुमारे चाळीस खेळ्या त्याने फास हळूहळू आवळत नेला. पासष्टाव्या खेळीला कापाब्लांकाने डाव सोडला.

स्पर्धेत ऑयवे पहिला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा. पुढे १९३२ व १९३३ सालीही तो ब्रिटिश विजेता झाला आणि १९३३ च्या अखेरीस मायदेशी परतला. १९३५ साली आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. आता बलवान तो होता. खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडवता आला. बाकीचे नऊ त्याने जिंकले. आम्हां मराठी माणसांना हा आकडा बोचतो खरा, पण कापाब्लांकाला हरवणाऱ्याकडून अर्धा गुण काढणे सोपे नव्हते.

सुलतान खान १९६६ साली सरगोध्यात वारला. जागतिक बुद्धिबळ संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर म्हटले ते २०२४ साली.