विजापूरच्या दरबारापासून मिश्रीच्या डबीपर्यंत : सातारा-सांगलीतील तंबाखू

सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्यास परतला, तो तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊनच. बादशहाने कुतूहलाने झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. ही कथा आग्र्याची म्हणून सांगितली जाते. परंतु तंबाखू त्याआधीच आदिलशाहीत रुळली होती, आणि मिरजेचा मुलूख तेव्हा आदिलशाहीतच होता.

पुढे कृष्णाकाठच्या जमिनीला विडीची तंबाखू मानवली. निपाणी ही तिची मोठी पेठ. १९८१ साली रास्त भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तेथे महामार्ग अडवला; ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. या पिकावर किती चुली अवलंबून होत्या, हे तेव्हा साऱ्यांना दिसले.

विडी पुरुषाची आणि चारचौघांतली. बायकांची तंबाखू मात्र तव्यावर तयार होई. पान काळे पडेपर्यंत भाजायचे, कुटून पूड करायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची : हीच मिश्री, कोकणातली मशेरी. दात घासण्याच्या निमित्ताने सकाळी लागलेली ही सवय दुपारी, कामाच्या सुटीत, निजताना अशी वाढत जाते. दातांना बरी, असा समज. त्यामुळे ती व्यसनात कुणी धरत नसे. सासूच्या डबीतून सुनेच्या बोटावर ती सहज येई.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत-संशोधकांनी एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. १९७२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे ३९ टक्के स्त्रिया मिश्री लावणाऱ्या आढळल्या. धूम्रपानाच्या कुठल्याही तक्त्यात यांतली एकही डबी दिसली नसती.

हाच पेच आजही आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील लोकांत तंबाखूसेवन २००९-१०मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. धूम्रपान ६.६वरून ३.८वर घसरले. केवळ धूर मोजला, तर महाराष्ट्र जवळजवळ निर्व्यसनी ठरतो! धूरविरहित तंबाखू मात्र २७.६वरून २४.४पर्यंतच उतरली.

ब्रिटनमध्ये सिगारेट ओसरून ई-सिगारेट वाढल्याची चर्चा होते. भारतात २०१६-१७मध्ये तिचे नाव ऐकलेले प्रौढ जेमतेम ३ टक्के होते. २०१९मध्ये कायद्याने तिच्यावर बंदीच आली. त्याआधी, २०१२मध्ये, महाराष्ट्राने गुटखाही बंद केला होता. पण घरच्या तव्यावरची मिश्री या कायद्यांच्या वाटेवर कुठे येत नाही.

म्हणूनच या सर्वेक्षणात हिरड्यांना लावायच्या तंबाखूविषयी मिश्रीचे नाव घेऊन वेगळा प्रश्न ठेवावा लागला. नुसते ‘तंबाखू खाता का?’ विचारले, तर डबी कमरेला असलेली बाईही ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्या मते ते खोटेही नसेल. मिश्री खायची नसते, लावायची असते.