पेटीवरील अंगुलियोजना : लेखनाबाहेर राहिलेली एक विद्या

संगीताच्या इतिहासात ग्रंथ, घराणी व रागरूपे यांची चर्चा विपुल आढळते. परंतु एखादा अवघड स्वरसमूह वाजविताना कोणते बोट कोठे ठेवावे व दोन स्वर कसे जोडावेत, हा प्रश्न केवळ हातसफाईचा मानून इतिहासकार बाजूस सारतात. युरोपात या विद्येचे लेखन झाले, महाराष्ट्रात ते जवळजवळ झाले नाही. असे का घडले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

युरोपात फ्रान्स्वा कूपरँ याने १७१६ मध्ये वादनकलेवरील आपल्या ग्रंथात बोटांची चर्चा केली. १७५३ मध्ये कार्ल फिलिप इमानुएल बाख याने अंगठ्यास प्रमुख बोटाचे स्थान दिले. तत्पूर्वी त्याचा उपयोग अगदी गरजेपुरताच होत असे. पुढे स्वरलिपीवर बोटांचे आकडे छापण्याची रूढी पडली. १९१५ मध्ये क्लोद देब्युसी याने आपल्या अभ्यासरचनांत हे आकडे बुद्ध्याच दिले नाहीत. प्रत्येक हाताची ठेवण निराळी, तेव्हा वादकाने आपली बोटे आपणच शोधावीत, असे त्याचे मत होते.

पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ याने १८४२ मध्ये हार्मोनियमचा एकाधिकार मिळविला. हे वाद्य हिंदुस्थानात आले आणि १८८० मध्ये ‘शाकुंतल’ नाटकाने आरंभ झालेल्या मराठी संगीत रंगभूमीवर पुढे पेटीने व ऑर्गनने साथीत मानाचे स्थान मिळविले. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. खानदेशाचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. बालगंधर्वांना लहानपणी गाण्याची तालीम जळगावात मेहबूबखान यांच्याकडे मिळाली. नाट्यपदे नाटकगृहापुरती राहिली नाहीत. घरगुती बैठकींत व भजनांतही ती पेटीवर वाजू लागली.

मग आपल्याकडे बोटांचे आकडे का लिहिले गेले नाहीत? याचे मुख्य कारण स्वरलेखनाच्या स्वरूपात आहे. भातखंडे व पलुस्कर यांच्या लेखनपद्धतींत ‘ग’ या अक्षराने पेटीवरील अमुक पट्टी दर्शविली जात नाही; षड्जाशी असलेले नाते दर्शविले जाते. षड्ज तर गायकाच्या गळ्यानुसार बदलतो. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही मराठीतील स्वरनामे पेटीवरूनच आली आहेत, हे भाषाभ्यासकाने ध्यानात घ्यावे.

यमनाचा सरळ आरोह घेऊ. षड्ज पांढरी एक असता तीव्र मध्यम तेवढा काळ्या पट्टीवर येतो. अंगठा षड्जावर ठेवून अनामिकेने मध्यम घ्यावा व तिच्याखालून अंगठा पंचमावर न्यावा, हे सोयीचे. तोच आरोह काळी एकमध्ये वाजविताना षड्ज, ऋषभ, पंचम व धैवत काळ्यांवर जातात. तेथे तर्जनीने आरंभ करून अंगठा गांधार व निषाद या पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवणे सुकर होते. राग तोच, अक्षरे तीच. हाताचे सांधे मात्र निराळ्या स्वरांवर पडले. म्हणून एका पट्टीसाठी छापलेले आकडे दुसरीत निरुपयोगी ठरतात.

हे सांधे श्रोत्यासही जाणवतात. पेटीत पट्टी जोराने वा हलके दाबल्याने आवाज लहानमोठा होत नाही. ते काम भात्याचे. बोटाच्या हाती राहते ते पट्टी केव्हा दाबावी व केव्हा सोडावी, एवढेच. अंगठा वळताना क्षणभर खंड पडला, तर पदातील शब्द नको तेथे तुटतो. भाषेत दोन उच्चारांमधील विरामाने अर्थ बदलतो, तसाच हा प्रकार होय. पहिली पट्टी किंचित उशिरा सोडली तर मींडेचा आभास होतो. एकाच स्वरावर दोन अक्षरे आली तर पट्टी पुन्हा दाबावी लागते, व त्यासाठी बोट बदलणे पुष्कळदा सोयीचे पडते. हातपेटीवर डावा हात भात्यात गुंतल्याने हा सारा भार उजव्या हाताच्या पाच बोटांवर येतो. पायपेटीवर दोन्ही हात मोकळे असतात.

नभोवाणीवर १९४० मध्ये पेटीस बंदी झाली व १९७१ मध्ये ती शिथिल झाली. पेटीविषयीच्या वादात श्रुतींचा प्रश्न गाजला. हाताच्या विद्येकडे फारसे लक्ष गेले नाही. पट्ट्यांचा फलकच सरकविणाऱ्या ‘स्केलचेंजर’ पेटीने तर बोटांची एकच ठेवण सर्व सुरांना पुरेशी केली. ही मोठीच सोय झाली. परंतु बारा पट्ट्यांत हात फिरविण्याची गरज तिने कमी केली, आणि जे लिहिलेलेच नाही ते वापरातून गेले की कायमचे जाते.

यास्तव जळगाव व धुळे या जिल्ह्यांत बोलींची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्यांनी कीर्तनकार व भजनी मंडळांच्या जुन्या साथीदारांकडेही जावे. पदाचे शब्द, षड्जाची पट्टी आणि प्रत्येक स्वराखाली बोटाचा आकडा, ही तिन्ही एकत्र टिपावीत. यांतील एक गळले तरी उरलेल्या दोहोंचा उलगडा होणार नाही.