१४. पाडरबोर्नचे टालर
लेखक ज्यांना ‘लुटीची नाणी’ म्हणतात, ते हे १६२२चे चांदीचे टालर. तीस वर्षांच्या युद्धात ब्रुन्सविकचा तरुण प्रोटेस्टंट ड्यूक ख्रिस्तियान याने पाडरबोर्नचे कॅथीड्रल लुटले, संत लिबोरियसच्या अस्थींची मौल्यवान पेटी वितळवली आणि त्या चांदीची नाणी पाडून सैन्याच्या पगाराची सोय केली. एका बाजूला ढगातून निघालेला तलवारधारी हात. दुसरीकडे ‘देवाचा मित्र, पाद्र्यांचा वैरी’ अशा अर्थाची जर्मन अक्षरे. गंमत अशी, की हे वैरी महाशय स्वतः हाल्बरश्टाटच्या बिशपक्षेत्राचे प्रशासक होते. तिथल्या गादीचे मात्र त्यांना वावडे नव्हते! अस्थी १६२७मध्ये पाडरबोर्नला परतल्या. त्यांच्यासाठी पेटी नवी घडवावी लागली. – सं.