जुन्या मोटारीत नवे इंजिन : तंत्र सुलभ, कायदा कठोर

झाशी : अॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा कॉन्टेसा यांसारख्या जुन्या मोटारीचे थकलेले इंजिन उतरवून तिच्यात आजच्या काळातील हलके व कार्यक्षम इंजिन बसवावे, असा विचार अनेक वाहनधारकांच्या मनात येतो. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिलचर हा राष्ट्रीय महामार्ग २७ जेथे एकमेकांना छेदतात, त्या झाशीसारख्या शहरात ही गरज अधिक जाणवते. चौपदरी रस्त्यावरील आजचा वेग आणि पारा ४५ अंशांपलीकडे नेणारा बुंदेलखंडातील उन्हाळा यांचा विचार त्या मोटारींच्या रचनेत झालेला नव्हता. इंजिन बदलणे कारागिराला साधते. मात्र त्यानंतर ती मोटार कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावर राहते का, हा प्रश्न काम हाती घेण्यापूर्वीच सोडवावा लागतो.

कारखान्यांनीच केलेले प्रयोग

जुन्या सांगाड्यात नवे इंजिन ही कल्पना भारतीय मोटार उद्योगाला अपरिचित नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या मुंबईच्या कंपनीने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही मोटार बाजारात आणली. तिची मूळ रचना १९६६ मधील इटालियन फियाट १२४ ची, तर इंजिन जपानच्या निसान कंपनीच्या आराखड्याचे होते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसी क्षमतेचे, तर निसानचे ११७१ सीसीचे. क्षमतेतील फरक केवळ ८२ सीसीचा असूनही पद्मिनीची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती आणि नव्या मोटारीची ५० च्या पुढे गेली.

हिंदुस्थान मोटर्सनेही हाच मार्ग अवलंबला. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉलच्या रचनेवर आधारित कॉन्टेसा १९८४ मध्ये आली, तेव्हा तिच्यात अॅम्बेसेडरचेच १४८९ सीसीचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. त्या वजनदार मोटारीला ते अपुरे पडले. पुढे इसुझु कंपनीचे १.८ लिटरचे इंजिन बसविण्यात आले आणि शक्ती ८० अश्वशक्तीच्या पलीकडे गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस तेच इंजिन पाच गतींच्या गिअरबॉक्ससह अॅम्बेसेडरमध्येही आले.

या प्रयोगांत कंपन्यांनी गिअरबॉक्स, शीतन व्यवस्था आणि इंजिनचा आधार यांची नव्याने जुळणी केली आणि त्या स्वरूपातच मोटार विकली. वाहनाच्या कागदपत्रांत तेच इंजिन नोंदले गेले. खासगी गॅरेजमधील कामात आणि कारखान्यातील कामात मूलभूत फरक येथेच पडतो.

अडचण कोठे येते

या सर्व मोटारी मागील चाकांना गती देणाऱ्या आहेत. त्यांत इंजिन पुढे, लांबीच्या दिशेने बसविलेले असते. त्यामागे क्लच व गिअरबॉक्स, तेथून मोटारीखालून जाणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि अखेरीस मागील आसावरील डिफरन्शियल, अशी शक्तीची वाट असते. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवे असते आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. असे इंजिन जुन्या मोटारीत उभे बसवायचे तर गिअरबॉक्सशी जोडणारी तबकडी, फ्लायव्हील, क्लच आणि इंजिनचे आधार नव्याने घडवावे लागतात. त्यामुळे मारुती जिप्सी किंवा ईको यांसारख्या, मुळातच इंजिन लांबीच्या दिशेने असलेल्या वाहनांचे इंजिन गिअरबॉक्ससह घेणे तांत्रिकदृष्ट्या सोयीचे ठरते.

हलकेपणाचा लाभ खरा आहे. बिडाची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम, तर अॅल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. अॅल्युमिनियमच्या इंजिनामुळे पुढील आसावरील भार घटतो आणि सुकाणू हलके होते. त्याच वेळी मोटारीचा पुढचा भाग उचलला जातो, स्प्रिंगची जुळणी बिघडते आणि पुढील व मागील ब्रेकमधील समतोल बदलतो. ताशी ७० किलोमीटरच्या हिशेबाने बसविलेले जुने ड्रम ब्रेक ताशी ११० किलोमीटरच्या वेगाला पुरे पडत नाहीत. म्हणून शक्ती वाढविण्यापूर्वी ब्रेक, टायर आणि मागील आस यांची क्षमता तपासणे अनिवार्य ठरते.

इंधन व्यवस्थेचेही तसेच आहे. कार्ब्युरेटरला अल्प दाबाने इंधन पुरविणारा यांत्रिक पंप पुरतो. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनाला विद्युत पंप, अधिक दाब सोसणाऱ्या नळ्या, नियंत्रक संगणक, ऑक्सिजन संवेदक आणि नवी तारजोडणी लागते. रेडिएटर व पंखा जुनेच ठेवले, तर उन्हाळ्यात नवे इंजिनही तापते.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात ही तरतूद काटेकोरपणे पाळण्याची आवश्यकता अधोरेखित केली. सीएनजी, एलपीजी किंवा विजेवर वाहन चालविण्यासाठी संच बसविण्याची मुभा अटींसह आहे. त्यासाठी संचाला पुण्यातील एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता असावी लागते.

जीर्ण इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे व त्याच प्रकारचे इंजिन बसविणे हा वेगळा विषय आहे. असा बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवून नवा इंजिन क्रमांक प्रमाणपत्रात नोंदवून घ्यावा लागतो. अनधिकृत बदलासाठी कलम १८२ अ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. झाशीतील ‘यूपी ९३’ क्रमांकाचे वाहन असो वा महाराष्ट्रातील, तपासणीत इंजिनवरील क्रमांक कागदपत्रांशी जुळला नाही तर नूतनीकरण अडते. अपघातानंतर विमा कंपनी न कळविलेल्या बदलाचा आधार घेऊन दावा नाकारू शकते. सुट्या स्वरूपात घेतलेल्या इंजिनाचे मूळ बिल नसेल तर चोरीच्या मालाचा संशयही ओढवतो.

ऐतिहासिक मोटारींचा वेगळा नियम

पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नियम अधिसूचित केले. अशा वाहनांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे वैध राहते. पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये आकारले जातात. ही वाहने दैनंदिन वापरासाठी चालविता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा प्रयोजनांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. सांगाडा, बाह्यकवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसणे, ही या नोंदणीची मुख्य अट आहे. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये रूढ झाले. म्हणजे त्या नावाच्या पहिल्या मोटारींनी पन्नाशी आता गाठली आहे. त्यांचे मूळ इंजिन काढणाऱ्याला हा मार्ग बंद होतो.

त्यामुळे जाणकारांच्या लेखी क्रम असा ठरतो : प्रथम मूळ इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती शक्य आहे का ते पाहावे, ते अशक्य असल्यास त्याच प्रकारचे इंजिन शोधावे, कारखान्याने त्याच मॉडेलमध्ये पुढे दिलेले इंजिन विचारात घ्यायचे असेल, तर परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर आधी मिळवावे. उतरविलेले मूळ इंजिन, त्याचा क्रमांक आणि कागदपत्रे मात्र कोणत्याही परिस्थितीत भंगारात देऊ नयेत. त्या मोटारीची कायदेशीर ओळख त्या क्रमांकाशीच जोडलेली असते.