पाटीवरची लिपी

मंडळी, दुकानांच्या मराठी पाट्यांवर लिहिणारे बहुतेक सगळे मुंबई-पुण्याचे. म्हटलं, आपल्या चुडाव्याहून हा इतिहास कसा दिसतो ते एकदा लिहावं. पूर्णा आणि नांदेडच्या मधलं, रेल्वेवरचं आपलं गाव. नातेवाईकांना ओळख करून द्यायची गरज नाही, बाकीच्यांनी नकाशा बघावा :)

आपल्याकडे 'पाटी कुठल्या लिपीत?' हा प्रश्न तसा जुनाच. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात. कचेरीचा कारभार उर्दूत, कोर्ट उर्दूत. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतच. माझे आजोबा घरी मराठी बोलत, हिशेब मोडीत ठेवत आणि अर्ज उर्दूत लिहीत. त्यात त्यांना काही विशेष वाटत नसे.

गंमत म्हणजे त्याच १९४८ साली तिकडे मुंबई प्रांतात दुकाने व आस्थापना कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात त्याच्या नियमांत दुकानाची पाटी देवनागरी मराठीत हवी, अशी भर पडली. पण हा कायदा यादीत घातलेल्या गावांनाच लागू. खेडी बहुतेक त्याबाहेर. आणि जिथे लागू होता त्या मुंबईत तरी कोण पाळत होतं? २००८ मध्ये मनसेने आंदोलन केलं तेव्हा पुष्कळांना असा नियम आहे हेच पहिल्यांदा कळलं.

मग २०१७ चा नवा कायदा आला. तो तेव्हा दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांनाच पूर्णपणे लागू होता. आता चुडाव्यात दहा नोकरांचं दुकान शोधून दाखवा! मुंबईतही निम्म्याहून कितीतरी जास्त दुकानं या सवलतीत बसत असणार. अपवादच नियमापेक्षा मोठा झाला. शेवटी २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि लहान दुकानंही पाटीच्या नियमात आली. मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. शिवाय दारू विकणाऱ्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायची नाहीत. (हे कलम मला मनापासून आवडलं.)

व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २५ हजार रुपये दंड लावून याचिका फेटाळली. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिने दिले.

आता आपल्यासारख्या गावात याने काय बदललं? फारसं काही नाही. खेड्यातला दुकानदार पाटी मराठीतच रंगवतो, कारण गिऱ्हाईकाला वाचता यायला हवी. 'किराणा अँड जनरल स्टोअर्स' किंवा 'मोबाईल शॉपी' याला मराठी म्हणायचं की नाही हा वेगळा वाद. अक्षरं देवनागरी आहेत, इन्स्पेक्टर खूश.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा नियम मराठी सक्तीची करतो, दुसऱ्या लिपीला बंदी करत नाही. मराठवाड्यात हा फरक फार मोठा आहे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होतं, ते काढा म्हणून माजी नगरसेविका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ती सरकारी इमारत, तिचा कायदाही वेगळा. पण १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने मराठीबरोबर उर्दू चालेल असंच सांगितलं. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असंही बजावलं. मला हा निकाल पटला. माझ्या आजोबांची लिपी परकी कशी?

आणि २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला सरकारी दप्तरं उघडली, तेव्हा तर मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधत फिरायची वेळ आली! आपल्याही घरात तसे कागद आहेत, वाचता कुणालाच येत नाहीत.

असो. जुन्या दुकानांचे, पाटी दिसेल असे फोटो कुणाकडे असतील तर जरूर पाठवा. काका-आत्या मंडळींनी तर पेट्या उघडाव्यातच.