प्रकाशतंतू हायड्रोफोन : कंपनसंवेदनशीलतेचे नियंत्रण

पाण्यातील ध्वनी टिपणाऱ्या प्रकाशतंतू हायड्रोफोनमध्ये काचेचा तंतू मँड्रेल नावाच्या, पातळ भिंतीच्या पोकळ नळकांड्यावर घट्ट गुंडाळलेला असतो. ध्वनिदाबाने नळकांड्याचा घेर किंचित बदलला की तंतूची लांबी बदलते आणि त्यातील लेसर प्रकाशाची कला, म्हणजे लहरीची आवर्तनातील अवस्था, सरकते. संदर्भतंतूतील प्रकाशाशी व्यतिकरण घडवून ही सरक मोजतात. या तत्त्वावरील सुरुवातीचे प्रयोग अमेरिकेत १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

तंतू ध्वनीने ताणला गेला की धक्क्याने, हा भेद प्रकाशाला करता येत नाही. जहाजामागून ओढल्या जाणाऱ्या हायड्रोफोन-मालिकेचा दोर त्याच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सुटणाऱ्या भोवऱ्यांमुळे थरथरतो, पाणबुडीच्या कवचावरील ग्राहकाला यंत्रांचे हादरे बसतात आणि मँड्रेल स्वतःच्याच जडत्वाने वाकते किंवा दबते. त्यामुळे नुसती दाबसंवेदनशीलता नव्हे, तर तिचे त्वरणसंवेदनशीलतेशी असलेले गुणोत्तर हाच रचनेचा खरा निकष ठरतो. भिंत पातळ केल्यास दाबाचा संकेत वाढतो, पण खोल पाण्यात ती चेपण्याचा धोकाही वाढतो.

सर्वांत फलदायी उपाय सममितीचा आहे. मँड्रेल एका टोकाला धरल्यास अक्षाच्या दिशेने बसलेल्या हादऱ्याचा ताण संपूर्ण लांबीवर एकाच चिन्हाचा राहून साचत जातो. तेच मधोमध धरल्यास एक अर्धा भाग दबून फुगतो, दुसरा ताणून आक्रसतो आणि तंतूच्या एकूण लांबीतील बदल जवळजवळ शून्य होतो. मात्र दोन्ही बाजूंचे वेढे आणि गुंडाळतानाचा ताण समान नसेल, तर बाकी उरतेच. दुसऱ्या रचनेत संदर्भतंतू आतल्या ताठ नळीवर गुंडाळून दोन नळ्यांमध्ये हवा ठेवतात, म्हणजे कंपन दोघांना सारखे मिळते आणि दाब फक्त बाहेरच्या तंतूला जाणवतो.

मऊ आधारावर टांगण्याचा उपाय त्या टांगणीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या बऱ्याच वरच उपयोगी पडतो. कमी वारंवारतेसाठी तो अवजड होतो, आणि दूरचा ध्वनी ऐकायचा असतो तो नेमका तिथेच. शेजारी त्वरणमापक बसवून त्याचा संकेत वजा करण्याची पद्धतही आहे.

एक मर्यादा मात्र रचनेच्या हाताबाहेरची आहे. ग्राहक १ मायक्रोमीटर वरखाली झाला, तरी खोलीच्या फरकाने सुमारे ०.०१ पास्कल दाबबदल होतो, आणि हा दाब खराच असल्याने निर्दोष हायड्रोफोनही तो इमानाने नोंदवतो.